ब्रूटल डेथ मेटल ऐकायचं कसं: गोंगाटामागचं वादन ओळखण्यापासून अंडरग्राउंड रिलीज विकत घेण्यापर्यंत

ब्रूटल डेथ मेटल, म्हणजे डेथ मेटल या जड गिटार-संगीताची आणखी दाट उपशाखा, पहिल्यांदा ऐकणाऱ्याची तक्रार ठरलेली असते. सगळी गाणी एकसारखी वाटतात, गायक काय म्हणतोय ते कळत नाही आणि ड्रम म्हणजे नुसता खडखडाट. या तक्रारीत तथ्य आहे. हे संगीत इतकं दाट असतं की कान तयार नसेल तर त्यातलं काहीच सुटं होऊन ऐकू येत नाही. कान तयार कसा करायचा हे मात्र कुणी बसून सांगत नाही. जुने श्रोते चार अनवट बँडची नावं सांगून मोकळे होतात आणि नवा माणूस तिथेच गळतो.

हा लेख त्या नव्या माणसासाठी आहे. माझं म्हणणं एकच आहे आणि ते शेवटपर्यंत येत राहील: या प्रकारातलं कसब वेगात शोधू नका, सांध्यांत शोधा. एका रिफवरून (गिटारवर पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या सुरावटीवरून) दुसऱ्या रिफवर, सुसाट लयीवरून एकदम अर्ध्या लयीवर चार जण एकाच क्षणी कसे उतरतात, तिथे बँडची परीक्षा होते. वेग सरावाने येतो, स्टुडिओत उसनाही घेता येतो. सांधा मात्र गाणं रचणाऱ्याच्या डोक्यात आधी तयार असावा लागतो.

काय काय लागेल

- कान पूर्ण झाकणारा, वायरचा हेडफोन. महागडा नसला तरी चालेल.
- गाण्याचा वेग कमी करता येईल असा प्लेअर. व्हीएलसी किंवा ऑडॅसिटी पुरेसं आहे.
- ठोका देऊन टेम्पो मोजता येईल असं मेट्रोनोम अ‍ॅप.
- वही आणि पेन.
- मेटल आर्काइव्ह्ज (मेटल बँडची यादी), डिस्कॉग्स (रेकॉर्डच्या आवृत्त्यांची यादी) आणि बँडकॅम्प (संगीत विकत घेण्याची जागा) या तीन साइट्सची ओळख.
- स्पेक्ट्रोग्राम (आवाजातल्या उंच-खालच्या पट्ट्यांचं चित्र) दाखवणारं एखादं मोफत सॉफ्टवेअर, उदाहरणार्थ स्पेक. हे खरेदीच्या वेळी लागेल.

१. आधी ऐकण्याचं साधन नीट करा

फोनच्या स्पीकरवर ब्रूटल डेथ मेटल ऐकून मत बनवू नका. साध्या ट्यूनिंगमध्ये गिटारची सर्वांत खालची तार साधारण ८२ हर्ट्झवर वाजते. सात तारांच्या गिटारची खालची बी तार ६२ च्या आसपास येते आणि ती आणखी उतरवून ए केली की ५५ हर्ट्झ. बेस गिटार त्याच्याही एक सप्तक खाली असते. फोनचा इवलासा स्पीकर दोनशे हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काहीच वाजवू शकत नाही. म्हणजे ज्या पट्ट्यात हे संगीत रचलेलं आहे, त्यातला मोठा भाग तुमच्या कानापर्यंत पोचतच नाही. उरतो तो सिंबलचा, म्हणजे ड्रमसेटवरच्या झांजांचा, सळसळाट आणि गुरगुर.

इक्वलायझर बंद ठेवा. 'बेस बूस्ट' तर आधी बंद करा. किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), बेस आणि खाली उतरवलेली गिटार हे तिघेही त्याच चिंचोळ्या पट्ट्यात दाटीवाटीने बसलेले असतात. तो पट्टा फुगवला की तिघांचा चिखल होतो.

आवाज मध्यम ठेवा. या संगीतात मधली शांतता जवळपास नसते, त्यामुळे कानाला विसावा मिळत नाही आणि तासाभरात सगळं बोथट ऐकू येऊ लागतं. एका बैठकीत एक अल्बम पुरे. बहुतेक अल्बम अर्ध्या तासाच्या आगेमागे संपतातही.

२. पहिले अल्बम या क्रमाने घ्या

सुरुवात सफोकेशनच्या 'एफिजी ऑफ द फरगॉटन'पासून करा. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचा हा बँड. अल्बम १९९१ चा, फ्लॉरिडातल्या टॅम्पा इथल्या मॉरिसाउंड स्टुडिओत स्कॉट बर्न्सच्या हाताखाली रेकॉर्ड झालेला. पुढे ज्याला ब्रूटल डेथ मेटल म्हटलं गेलं त्याचा जवळजवळ सगळा मालमसाला इथे आहे: फ्रँक मलनचा खोल, तरी लयीत नेमका बसणारा आवाज, टेरेन्स हॉब्स आणि डग सेरिटो यांच्या गिटार, आणि माईक स्मिथचे ड्रम. पहिल्याच 'लीज ऑफ इनव्हेरॅसिटी' या गाण्याच्या उत्तरार्धात एक जड, संथ रिफ येतो. स्लॅम नावाची आख्खी उपशाखा ज्या क्षणांतून फुटली त्यांत या रिफचं नाव जाणकार सर्वांत आधी घेतात. तो रिफ कानात बसला की पुढचं बरंच सोपं जातं.

दुसरा अल्बम माँट्रियलच्या क्रिप्टॉप्सीचा 'नन सो वाइल', १९९६ चा. इथे ड्रमर फ्लो मूनिए यांच्याकडे लक्ष ठेवा. अतिवेगातही त्यांचा हात एकसुरी होत नाही, सिंबल सतत बदलत राहतात. यातलं 'फोबोफाईल' पियानोने उघडतं आणि मग एरिक लांगलुआची बेस पुढे येते. या प्रकारात बेस सुटी ऐकायची संधी क्वचित मिळते, ती सोडू नका.

तिसरा डाइंग फीटसचा 'डिस्ट्रॉय द ऑपोझिशन' (२०००). मेरीलँडचा बँड. जॉन गॅलघर गिटारवर झरझर स्वीप (एकाच फटक्यात तारांवरून सरकत जाणारे सूर) वाजवतो आणि त्याच वेळी तळातला आवाजही काढतो. यात ब्लास्ट (ड्रमचा अतिवेगवान, अखंड मारा) आणि ठेका अगदी शेजारी शेजारी आहेत, त्यामुळे सांधे ओळखायला शिकण्यासाठी याहून चांगला अल्बम मला माहीत नाही.

मग टेक्सासच्या डिव्होरमेंटचा १९९९ चा पहिला अल्बम घ्या, म्हणजे स्लॅमचं पक्कं रूप कळेल. त्यानंतर टेनेसीच्या ब्रोडेक्विनचा 'फेस्टिव्हल ऑफ डेथ' (२००१), ज्यात ब्लास्ट जवळजवळ थांबतच नाही. शेवटी जर्मनीचा डिफीटेड सॅनिटी. त्यांच्या २०१६ च्या अल्बमचे सरळ दोन भाग आहेत. 'डिस्पोझल ऑफ द डेड' हा पूर्ण ब्रूटल आणि 'धर्मता' हा नव्वदीच्या सुरुवातीच्या तांत्रिक, जॅझकडे झुकणाऱ्या डेथ मेटलच्या वळणाचा. वादक तेच, वाद्यं तीच, मात्र दोन वेगळ्या भाषा. ज्यांना वाटतं की हे लोक दुसरं काही वाजवू शकत नाहीत म्हणून असं वाजवतात, त्यांनी हा अल्बम जरूर ऐकावा.

सापळा: "सर्वांत ब्रूटल अल्बम कोणता?" असं विचारून सुरुवात करू नका. उत्तरादाखल जे अल्बम मिळतात ते मर्यादा ताणून पाहणारे असतात. दोन वर्षं ऐकलेल्या कानालाच त्यांतलं काही सापडतं.

३. एका वेळी एकच वाद्य ऐका

हा सगळ्यांत महत्त्वाचा टप्पा आहे, इथे घाई करू नका. एक गाणं निवडा आणि ते सलग चार वेळा ऐका. प्रत्येक वेळी कान एकाच वाद्याला बांधून ठेवायचा.

*पहिली फेरी: ड्रम.* नव्या माणसाला सगळे ब्लास्ट सारखेच वाटतात. त्यांतले चार प्रकार ओळखता आले तरी पुष्कळ झालं.

साध्या ब्लास्टमध्ये किक आणि सिंबल एकत्र पडतात आणि स्नेअर (ड्रमरच्या समोरचा कडक आवाजाचा ड्रम) त्यांच्या मधल्या जागेत. ऐकताना 'टक-धा-टक-धा' अशी सरळ आलटून-पालटून चाल जाणवते. हॅमर ब्लास्टमध्ये सिंबल आणि स्नेअर एकाच क्षणी पडतात. चाल एकसंध, ठोसेबाज लागते आणि दोन हातांत केसाएवढा फरक पडला तरी तो लगेच उघडा पडतो. बॉम्ब ब्लास्टमध्ये हात ब्लास्ट वाजवतात आणि पाय खाली दुप्पट वेगाने अखंड डबल किक (दोन्ही पायांनी किक) चालवतात.

चौथा ग्रॅव्हिटी ब्लास्ट. यात स्नेअरची कड टेकू म्हणून वापरतात. काठी कडेवर टेकवून हात खाली नेला की एक ठोका पडतो आणि वर आणला की टेकूवर फिरून काठीचं टोक पुन्हा कातड्यावर येतं. एकाच हाताच्या ये-जा करण्यातून दुप्पट ठोके मिळतात. याची किंमत म्हणजे ठोके हलके पडतात. म्हणून रेकॉर्डिंगमध्ये ग्रॅव्हिटी ब्लास्ट चालू होताच स्नेअरचा आवाज किंचित पातळ झाला, तर समजा की माणूस खरोखर वाजवतोय. तो तसाच दणदणीत राहिला तर स्टुडिओने हात दिला आहे.

वेगाचा अंदाज हवा असेल तर मेट्रोनोमवर बोटाने टेम्पो मोजा. मेट्रोनोम मिनिटाला २४० ठोके देत असेल आणि एका ठोक्यात चार किक बसत असतील, तर सेकंदाला १६ किक झाल्या. हा आकडा काढून पाहिला की सलग तीस सेकंद ते टिकवणं म्हणजे काय याची कल्पना येते.

स्नेअरचा 'टिंग' असा पत्र्यासारखा आवाज बऱ्याच जणांना सुरुवातीला खटकतो. ते कातडं मुद्दाम खूप ताणलेलं असतं. ताणलेल्या कातड्यावरून काठी झटकन परत उसळते, आवाजही लगेच मरतो, आणि म्हणून वेगात प्रत्येक ठोका सुटा राहतो. सैल स्नेअरवर तोच ब्लास्ट वाजवला तर एक लांबलचक घरघर ऐकू येईल.

*दुसरी फेरी: गिटार.* इथे वही लागते. गाण्यात कडवं-ध्रुवपद शोधू नका, बहुधा ते नसतंच. रिफ एकामागून एक साखळीने येतात. प्रत्येक नव्या रिफला अ, ब, क अशी नावं द्या आणि तो किती वेळा फिरला ते लिहा. मग 'अ ४, ब २, अ २, क ४, ड १, ब २' असा काहीतरी नकाशा तयार होतो. नकाशा हाती आला की पुन्हा ऐका आणि फक्त दोन अक्षरांमधल्या जागेकडे लक्ष द्या. क वरून ड वर जाताना काय होतं? ड्रमचा छोटा फिल (चाल मोडून वाजवलेला तुकडा) येतो का? एक गिटार एकटी थांबते आणि बाकीचे नव्या लयीत येतात का? की काहीही न सांगता सगळे एकदम वळतात? तिसरा प्रकार सर्वांत अवघड, आणि तो नीट जमलेला ऐकला की अंगावर काटा येतो.

काही आवाज ओळखीचे करून घ्या. पंजाची कड तारांवर टेकवून वाजवलेला 'जग-जग' म्हणजे पाम म्यूट. एकच सूर अखंड थरथरत राहतो तो ट्रेमोलो. रिफच्या शेवटी अचानक किंचाळणारा सूर निघतो तो पिंच हार्मोनिक. चांगले गिटारवादक तो ठराविक मात्रेवर पेरतात, सुमार वादक कुठेही उधळतात.

*तिसरी फेरी: बेस.* बऱ्याच अल्बममध्ये ती ऐकूच येत नाही, गिटारखाली गाडलेली असते. ऐकू आली तर पाहा की ती गिटारची नक्कल करते आहे की स्वतःचं काही सांगते आहे. नसेलच ऐकू येत तर ही फेरी सोडून द्या.

*चौथी फेरी: आवाज.* शब्द समजून घ्यायचा प्रयत्न करू नका, लय ऐका. गायक रिफच्या ठोक्यावर बसतोय, की त्याच्या मधल्या जागांतून जातोय? हे खोल आवाज काढताना खऱ्या स्वरतंतूंच्या वरच्या घड्या कंप पावतात, आवाज यंत्राने उतरवलेला असायलाच हवा असं नाही. फिनलंडच्या डेमिलिचने १९९३ मध्ये 'नेस्पिथे' या अल्बमवर आवाजाला कोणतेही इफेक्ट वापरलेले नाहीत असं मुद्दाम छापलं होतं, इतका तो ऐकणाऱ्यांना खोटा वाटेल अशी त्यांना खात्री होती. श्वास आत घेत काढलेला आवाज आणि सोडत काढलेला आवाज यांतला फरकही हळूहळू कळतो. सोडत्या श्वासात व्यंजनं थोडी तरी उमटतात, आत घेताना ती विरघळून नुसता स्वर उरतो. अशा आवाजातल्या उत्तम कामासाठी मॅटी वे याचं नाव लक्षात ठेवा: डिसगॉर्ज, आणि पुढे अबॉमिनेबल प्युट्रिडिटीचा २०१२ चा अल्बम.

वेग कमी करून ऐकताना निम्म्यावर एकदम जाऊ नका. सॉफ्टवेअर ठोक्यांच्या कडा फासून टाकतं आणि ड्रम लिबलिबीत ऐकू येतात. पाऊण वेग पुरतो.

४. वादन आणि निर्मिती यांची गल्लत करू नका

नवा श्रोता "हा बँड चांगला वाजवतो" म्हणतो, तेव्हा अनेकदा त्याला "याचं मिक्सिंग चांगलं आहे" असं म्हणायचं असतं. उलटही होतं: मातीमोल रेकॉर्डिंगमुळे उत्तम वादन दुर्लक्षित राहतं. हा फरक शिकायला सफोकेशनने नकळत एक प्रयोगशाळाच मांडून ठेवली आहे.

त्यांचा दुसरा अल्बम 'ब्रीडिंग द स्पॉन' १९९३ चा. या वेळी रेकॉर्डिंग टॅम्पाला न होता न्यूयॉर्कमध्येच झालं आणि निकाल पडेल आला. आवाज कोरडा, पातळ, गिटार मागे ढकललेल्या. रचना मात्र पहिल्या अल्बमपेक्षा गुंतागुंतीच्या आहेत. बँडलाही हे सलत राहिलं असावं, कारण त्या अल्बममधली गाणी त्यांनी पुढच्या अल्बमवर एकेक करून पुन्हा रेकॉर्ड केली. शीर्षकगीत १९९५ च्या 'पीअर्स्ड फ्रॉम विदिन'वर आलं, 'प्रिल्यूड टू रिपल्शन' २००६ च्या अल्बमवर आणि 'मॅरिटल डेसिमेशन' २००९ च्या 'ब्लड ओथ'वर.

आता असं करा. 'प्रिल्यूड टू रिपल्शन' आधी २००६ चं ऐका, त्याचा अ-ब-क नकाशा वहीत उतरवा आणि लगेच १९९३ चं लावा. दोन्हींवर ड्रमला माईक स्मिथच आहे, गिटारवर हॉब्स आहे. नकाशा हातात असल्यामुळे जुन्या रेकॉर्डिंगमध्ये एरवी गाडलेले रिफ एकदम वर येतात. कान बदललेला नसतो, त्याला कुठे पाहायचं ते कळलेलं असतं. त्यानंतर शीर्षकगीताची जोडी घ्या. १९९५ च्या आवृत्तीत ड्रमर डग बोन आहे. तेव्हा निर्मितीही बदलली आणि हातही बदलला. कोणता फरक स्टुडिओचा आणि कोणता ड्रमरचा, हे सांगता येऊ लागलं की हा टप्पा तुम्ही ओलांडला.

मला विचाराल तर १९९३ चा तो अल्बम त्यांच्या सर्वांत धाडसी रचनांचा आहे आणि त्याच्या आवाजापायी त्याला बाजूला टाकणारे बरंच काही गमावतात.

५. ट्रिगर, संपादन आणि ड्रम मशीन

ट्रिगर म्हणजे ड्रमच्या कडेला लावलेला छोटा संवेदक. ठोका पडला की तो एका यंत्राला इशारा करतो आणि यंत्र आधीच नोंदवलेला आवाज वाजवतं. किकवर ट्रिगर लावणं या प्रकारात सर्रास चालतं. सेकंदाला १६ वेळा पडणारी पायाची थाप माइकमध्ये पुरेशी स्पष्ट येत नाही, म्हणून हा उपाय. ट्रिगर वेग वाढवत नाही. पाय चुकला तर चूकही तितकीच ठळक ऐकू येते.

संपादन ही वेगळी गोष्ट. संगणकावर प्रत्येक ठोका ओढून नेमक्या जाळीवर बसवता येतो. तसं केलेलं असलं की सगळं अचूक असूनही निर्जीव वाटतं. खुणा अशा: सलग पन्नास स्नेअर अगदी एकाच ताकदीचे, एकाच आवाजाचे, फिलमध्ये शेवटी हात दमल्याची जराही चाहूल नाही, आणि दोनच हात असलेल्या माणसाला अशक्य असे तीन सिंबल एकत्र. शेवटची खूण दिसली तर ड्रम बहुधा प्रोग्राम केलेले आहेत.

प्रोग्राम केलेले ड्रम म्हणजे फसवणूक असं समजू नका. मॉर्टिशनने ड्रम मशीन उघडपणे वापरून स्वतःची ओळख उभी केली. श्रेयनामावलीत ड्रमरचं नाव नसणं किंवा 'ड्रम प्रोग्रामिंग' असं लिहिलेलं असणं ही प्रामाणिक गोष्ट आहे. खटकतं ते नाव छापून वादन मशीनकडून करून घेणं. शंका असेल तर त्या ड्रमरचा फक्त ड्रमवर कॅमेरा रोखलेला व्हिडिओ शोधा. या वर्तुळात असे व्हिडिओ भरपूर असतात.

६. नवं कुठे शोधायचं

लेबलच्या नावाने शोधणं सर्वांत फायद्याचं, कारण छोट्या लेबलमागे बहुधा एकाच माणसाची आवड असते. कॅलिफोर्नियाचं युनिक लीडर हे डीड्स ऑफ फ्लेश या बँडच्या सदस्यांनीच उभारलं. न्यू स्टँडर्ड एलिट, कोमाटोज म्युझिक, सेव्हर्ड आणि जपानचं अँप्युटेटेड व्हेन ही अशी आणखी काही नावं. एखाद्या लेबलचे दोन अल्बम आवडले तर त्यांची आख्खी यादी चाळा.

मग मेटल आर्काइव्ह्जवर बँडचं पान उघडा. ही यादी २००२ पासून श्रोते स्वतः भरत आले आहेत. तिथे अल्बमच्या नावाआधी सदस्यांची यादी वाचा. आवडलेला ड्रमर आणखी कुठे वाजवतो हे बघत गेलात तर शिफारशींची गरज उरत नाही.

सापळा: एकाच नावाचे अनेक बँड. डिसगॉर्ज नावाचा एक बँड अमेरिकेतला आणि एक मेक्सिकोतला. दोघेही याच परिसरातले, दोघेही प्रसिद्ध, आणि स्ट्रीमिंग सेवांवर अशा बँडचे अल्बम एकमेकांच्या पानावर जाऊन बसतात. देश आणि वर्ष पडताळल्याशिवाय काही विकत घेऊ नका. लोगो वाचायच्या भानगडीत तर पडूच नका, तो मुळात वाचण्यासाठी काढलेला नसतो.

केवळ अमेरिकेत अडकून राहू नका. इंडोनेशियातल्या बांडुंग शहराच्या उजुंगबेरुंग भागातून या संगीताची मोठी फळी उभी राहिली. तिथल्या जसादने सुंदानी भाषेतही गाणी केली आहेत. स्पेनच्या वर्म्डने २००३ च्या 'प्लॅनिस्फेरियम'पासून अंतराळ आणि विश्वरचना हा विषय धरून ठेवला आहे.

७. विकत घेताना

डिजिटलसाठी बँडकॅम्प सर्वांत सरळ. ते डिजिटल विक्रीतून १५ टक्के आणि वस्तूंच्या विक्रीतून १० टक्के कापतात (डिजिटलचा वाटा विक्री वाढली की उतरतो) आणि पेमेंटचं शुल्क वगळता उरलेलं पान चालवणाऱ्याला मिळतं. पान बँडचं आहे की लेबलचं ते पाहून घ्या. दोन्ही असतील तर मी बँडचं निवडते. फाइल नेहमी फ्लॅक प्रकारात (ज्यात आवाजातलं काहीही गाळलं जात नाही) उतरवा. कमी दर्जाच्या एमपीथ्रीत ब्लास्टच्या वेळी सिंबल पाण्यात बुडाल्यासारखे खुळखुळतात आणि या संगीतात सिंबल जवळजवळ सतत चालू असतात.

दुसरीकडून घेतलेली फ्लॅक फाइल खरी आहे का ते स्पेकमध्ये उघडून पाहा. सोळा हजार हर्ट्झच्या वर चित्र कात्रीने कापल्यासारखं सरळ संपत असेल, तर ती बहुधा एमपीथ्रीवरून बनवलेली आहे.

सीडी घेताना विक्रेत्याला दोन गोष्टी विचारा. पहिली, डिस्क कारखान्यात छापलेली आहे की सीडी-आर, म्हणजे संगणकावर भरलेली? छापलेल्या डिस्कची खालची बाजू चंदेरी असते आणि आतल्या कड्यावर मॅट्रिक्स क्रमांक कोरलेला असतो. सीडी-आरची बाजू सहसा निळसर किंवा हिरवट दिसते. डेमो (अल्बमआधीचं कच्चं रेकॉर्डिंग) सीडी-आरवर येणं स्वाभाविक आहे, अल्बम म्हणून विकली जाणारी सीडी-आर मात्र संशयास्पद. दुसरी, ही कोणती आवृत्ती? डिस्कॉग्सवर मॅट्रिक्स क्रमांक टाकून ताडून बघा. रीइश्यूमध्ये कधी आवाज पुन्हा मास्टर करून नुसताच मोठा केलेला असतो, कधी जादा गाणी असतात. डिव्होरमेंटच्या '१.३.८.' या २००० च्या संकलनात त्यांचा पहिला अल्बम, आधीचा डेमो आणि एक नवं गाणं असं सगळं आहे. ते हाती असेल तर तो अल्बम वेगळा घ्यायची गरज नाही.

छोट्या लेबलकडे आगाऊ नोंदणी करताना त्यांची आधीची दोन रिलीज वेळेवर पोचली का, ते लोकांना विचारा. दुसऱ्या देशातून मागवत असाल तर टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून हिशोब करा, कित्येकदा ते डिस्कपेक्षा जास्त भरतात.

८. मजकूर आणि चित्रं

मुखपृष्ठं आणि गीतांत रक्त, शवं, छळ हे सगळं असतं, याची तयारी ठेवा. त्यातही फरक करायला शिका. ब्रोडेक्विन मध्ययुगीन छळाच्या इतिहासावर लिहितं, डाइंग फीटसच्या गीतांत राजकारण येतं. स्लॅममध्ये मात्र बायकांवरच्या हिंसेची रंगवलेली वर्णनं करणारे बँड बरेच आहेत. वादन कितीही चांगलं असलं तरी मी ते अल्बम घेत नाही आणि तुम्हीही घेतले नाहीत तर या संगीतातलं काही चुकणार नाही. गीतं आधी वाचायची असतील तर मेटल आर्काइव्ह्जवर बहुतेक सापडतात.

९. प्रत्यक्ष ऐकायला जाताना

कानात इअरप्लग घालूनच जा. ८५ डेसिबलवर आठ तास ही सुरक्षित मर्यादा धरली, तर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. संगीतासाठी बनवलेले प्लग सगळ्या पट्ट्या सारख्याच कमी करतात, त्यामुळे वादन उलट जास्त स्पष्ट ऐकू येतं.

आवाज सांभाळणाऱ्याच्या टेबलाजवळ उभे राहा, तिथला समतोल सर्वांत बरा असतो. वादन पाहायचं असेल तर एखादा सेट ड्रमरच्या बाजूला उभं राहून पाहा. ब्लास्टमध्ये त्याचे खांदे बघा. अनुभवी ड्रमरचे खांदे सैल असतात, काम मनगट आणि बोटं करतात. गायक माइकची जाळी पूर्ण मुठीत धरत असेल तर त्याच्या आवाजावर मत बनवू नका. त्या पकडीने माइकची मागची छिद्रं बंद होतात आणि आवाजाचा पोतच बदलतो.

सेट संपल्यावर बँडच्या टेबलावर जा. डिस्क तिथेच घेतलीत तर पैसे थेट त्यांच्या हातात पडतात. किकवर ट्रिगर होता का, अमुक रिफवरून तमुक रिफवर जाताना इशारा कोण देतं, हे सरळ विचारा. मी विचारलेल्यांपैकी बहुतेक ड्रमर हातातलं काम सोडून टेबलावर बोटांनी वाजवून दाखवायला लागले.